काट्यावरची ट्रॉली रिकामी होईपर्यंत

मी जळगावात सुट्या भागांचे कॉम्प्युटर जोडून विकण्यापासून सुरुवात केली. स्क्रू पिळून पिळून बोटांना घट्टे पडले, तेव्हा कुठे दुकान उभं राहिलं. म्हणून धुळ्याजवळच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या मालकाने देखभालीचं काम माझ्याकडून काढून पुण्याच्या कंपनीला दिलं, ते मला फार लागलं. त्या मालकांना मी नाना म्हणतो. त्यांचा पहिला सर्व्हर मी बसवलेला. आणि कारण काय, तर मी घासाघीस फार करतो. आमच्याकडे आठ जीबी मेमरी हवी असली की माणूस सोळा मागतो. मग घासाघीस नाही करायची तर काय करायचं?

त्याच वर्षी माझ्याकडे अमळनेरची एक मुलगी इंजिनियर म्हणून लागली. हातांनी काम करायला ती तयारच नसे. एका सर्व्हरच्या पोटात चार-पाच कॉम्प्युटर चालतात, त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. प्रत्येकाची मेमरी वेगळी, डिस्क वेगळी. त्यात काही वाढवायचं तर मी समोर बसून एकेक गोष्ट करायचो. ही पडद्यावर चौकोन मांडून त्यांना बाण जोडायची. मागणी आली की मालकाची मंजुरी घे, सर्व्हरवर जागा आहे का बघ, मशीन बंद कर, मेमरी वाढव, चालू कर, आतला प्रोग्राम उठला का तपास. एकदा जुळवलं की सॉफ्टवेअर सगळं आपोआप करायचं. मला आधी तो पोरखेळ वाटला.

कापसाचा हंगाम लागला आणि नानांचा फोन आला. वजनकाट्याचा हिशेब ठेवणारं व्हर्च्युअल मशीन मेमरी कमी पडून रडत होतं, गाड्या गेटबाहेर तुंबल्या होत्या. पुणेवाल्यांवर त्यांचा राग होता. त्यांनी मागे भर दुपारी मशीन बंद करून चालू केलं, तेव्हा एका शेतकऱ्याच्या भरल्या ट्रॉलीचं वजन पुसलं गेलं. ट्रॉली तोवर रिकामी झालेली, कापूस ढिगात गेलेला. पुन्हा वजन करणार कशाचं? गेटवर भांडण झालं ते झालंच.

मी मुलीच्या चौकोनांचं सांगितलं, तसे नाना म्हणाले, "करून दाखव. पण खऱ्या काट्यावर. जमलं तर काम तुझं, नाही तर पुन्हा फोन करू नको."

मी आणि ती मुलगी, आम्ही दोघं गेलो. काट्याशेजारच्या खोलीत नाना खुर्चीत बसलेले.

"मेमरी बत्तीस कर," ते म्हणाले.

"बत्तीस कशाला, नाना? सोळात भागतं."

"बघ! लागला घासायला."

मुलीने मध्ये फक्त पडदा वळवला. त्या मशीनने आजवर किती मेमरी वापरली, त्याची रेघ तिथे दिसत होती. नानांनी चष्मा वर केला, रेघ पाहिली आणि म्हणाले, "सोळा कर मग."

त्यांनी मोबाइलवर मंजुरी दिली. एकेक चौकोन हिरवा होत गेला आणि मधलाच एक पिवळा होऊन थांबला. पुढे काहीच हलेना.

"काय भाऊ, तुन्हं मशीन दम खाई ऱ्हायनं का?" नाना हसत अहिराणीत म्हणाले.

मी तिच्याकडे वळून खालच्या आवाजात म्हणालो, "अडकलंय. पुढे ढकल ते."

"अडकलं नाही, भाऊ. बाहेर बघा."

बाहेर एक ट्रॅक्टर काट्यावरून उतरून ढिगाकडे चालला होता. भरलेलं वजन झालं होतं, रिकाम्या ट्रॉलीचं व्हायचं होतं. तिने जोडलेला तो चौकोन आधी काट्याच्या प्रोग्रामला विचारायचा, कुणाचं वजन अर्धवट आहे का? असलं तर थांबायचा.

"हे कुणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"सांगेल कोण? आमचाही कापूस जिनिंगलाच जातो. आबांसोबत मी ट्रॉलीवर बसून यायची."

नाना हसायचे थांबले. ट्रॉली रिकामी होऊन काट्यावर आली, शेतकऱ्याच्या हातात पावती पडली. चौकीदाराने पुढची गाडी हात करून थांबवली आणि पिवळा चौकोन हिरवा झाला. मशीन बंद झालं, सोळा घेऊन उठलं. मला स्क्रू ड्रायव्हर घेऊन जे कधी सुचलं नसतं, ते या मुलीने एका चौकोनात बसवलं होतं.

नाना उठले. "काम तुन्हं शे," ते म्हणाले. मी देखभालीच्या अटींवर बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "पण बोलणं बठ्ठं, अगदी सगळं, हिच्याशी. तू यायचं नाही."

तेव्हापासून धुळ्याला तीच जाते. मी जळगावात बसून धुसफुसतो, आणि दुसरं गिऱ्हाईक आलं की पहिल्यांदा तिचे चौकोन दाखवतो.