शिवाची बाटली आणि माझी धडधड

डॉक्टरांनी आधी शिवाला तपासलं. त्याचं पोट दाबून ते म्हणाले, “एनलार्ज्ड स्प्लीन.” म्हणजे पानथरी, प्लीहा, वाढली आहे, हिवतापानं वाढते. मग त्यांनी माझ्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि बाबांना सांगितलं, “पाल्पिटेशन है. बच्ची को कोई बीमारी नहीं, नर्व्हस है.” पाल्पिटेशन म्हणजे छातीतली धडधड. नर्व्हस म्हणजे मनानं घाबरणारी. शिवाला औषधाची बाटली मिळाली. मला काहीच मिळालं नाही.

मी नऊ वर्षांची होते. शिवा माझा भाऊ, पाच वर्षांचा. देशात इंग्रज होता. कोहमाऱ्याजवळच्या आमच्या गावाहून गोंदियाला बैलबंडीनं जायला दीड दिवस लागे, म्हणून बाबांनी एकाच खेपेत दोघांना नेलं होतं. परतताना ते खुशीत होते, पोरगी तरी धड निघाली म्हणून. मी बंडीतल्या भाताच्या तणसात तोंड खुपसून रडत होते.

“काऊन रडून राहिली वं? तुले त काईच झालं नाई,” बाबा म्हणाले.

तेच तर मला लागलं होतं.

मला काय होई ते नीट सांगते, कारण असं मूल आजही कुणाच्या घरी असेल. आदल्या पावसाळ्यात गावच्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, एका जागी पाझरली. ही पाळ आमच्याच वाडवडिलांनी घातलेली, आणि तिची राखण बाबांकडे. गावाचा रिवाज असा, की पाळीवरून हाक आली की प्रत्येक घरानं हातातलं काम टाकून टोपली-फावडं घेऊन धावायचं. त्या दिवशी पाळ वाचली, पण ती हाक माझ्या कानातून गेली नाही. दाणे निवडताना, जेवताना, एकाएकी छाती धडधडू लागे. हातपाय गार पडत. श्वास अर्ध्यातच अडके. मी सांगायला गेले की आई म्हणे, “खेळ जा.”

आणि शिवाची ती बाटली! तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली, पट्टीला डोसाच्या खाचा. आत कडूजहर क्विनाइन. रोज दुपारी बाबा पाळीवरून येत, शिवाला मांडीवर घेत, एका खाचेइतकं औषध पाजत आणि वर गुळाचा खडा देत. मी दारात उभी राहून बघे. अंगाचा नुसता जळफळाट होई. कोपऱ्यात बसून मी स्वतःचं पोट दाबून पाही, पानथरी लागते का म्हणून. लागत नसे.

“माही पानथरी कधी वाढन?” मी आईला विचारलं. तिनं पाठीत धपाटा घातला.

मग मी माझं औषध केलं. एका रिकाम्या बाटलीत पाणी आणि कडुनिंबाचा ठेचलेला पाला घातला, भाताच्या पेजेनं कागद चिकटवला, त्याला खाचा पाडल्या. छाती धडधडली की एक खाच प्यायची. हसू नका, उतार पडायचा. पण गूळ नव्हता आणि मांडी तर नव्हतीच.

एके दिवशी आई अंगणात होती, शिवा झोपला होता. मी त्याची बाटली उघडली आणि तीन खाचा प्याले. त्याचं खरं औषध मला हवं होतं. तेवढंच कमी होईल त्याला, असंही मनात होतं. ते लपवत नाही.

थोड्या वेळानं कानात घुंऽऽ सुरू झालं. जास्त क्विनाइननं कान वाजतात, हे मला कुठून ठाऊक? मला ते पाणीच वाटलं. मी धावत पाळीवर गेले आणि जीव खाऊन ओरडले, “पाळ फुटली! पाळ फुटली!”

सारं गाव धावलं. निंदण टाकून बाया आल्या, टोपल्या आल्या, फावडी आली. पाळ जागच्या जागी, कोरडी. सगळे माझ्याकडे बघू लागले. “पोरीले भूत लागलं का जी?” कुणीतरी बाबांना विचारलं.

बाबांनी सगळ्यांना हात जोडून परत पाठवलं. आता मार बसणार म्हणून मी आपणच बोलून टाकलं, “शिवाची दवाई मी पेली.”

“कायले?”

“तुम्ही त्याले मांडीवर घेता म्हणून.”

 बाबा मला हाताला धरून तुडुमापाशी घेऊन गेले. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायची दगडी मोरी. तिला वरपासून खालपर्यंत भोकं, प्रत्येक भोकात लाकडी खुंटा. “तलाव कितीबी भरो, आधी वरचाच खुंटा काहाडाचा,” ते म्हणाले. “खालचा काहाडला त पाणी आवरत नाई. तुई छाती भरली का माह्यापाशी ये. वरचं तेवढं सांग. बाकी राहू दे.”

दुसऱ्या दिवसापासून दुपारी शिवाला औषध आई पाजू लागली, बाबा मला पाळीवर नेऊ लागले. मी एकच भीती सांगे, सगळ्यात वरची. बाबा ऐकून घेत, म्हणत, “बरं. काहाडला.” धडधड एका दिवसात गेली नाही. तिला दोन पावसाळे लागले, आणि अजूनही ती अधूनमधून येते. आली की मी वरचं तेवढंच बघते. डॉक्टरांचा निकाल खोटा नव्हता, पण औषध मला बाबांनी दिलं. त्यांचे उपकार फेडायचे राहिले ते राहिलेच.

एका दुपारी आम्ही निघालो तेव्हा शिवा दारात उभा होता. तोंडात गूळ, गाल ओले. त्यानं दोन्ही हातांनी बाटली माझ्यापुढे धरली.

“हे तू घे. मले पाळीवर जाऊ दे.”

मी बाबांचं बोट घट्ट धरलं आणि बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही.