मी ओवाळलेला माणूस

"ताट धर. आन् जरा हसऱ्या तोंडानं." संस्थेचे सचिव साहेब सगळ्यांसमोर म्हणाले आणि कुंकवाचं, निरांजनाचं ताट माझ्या हातात आलं.

समोर खुर्चीवर हॉस्टेलचा अधीक्षक बसला होता. खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. त्याची बदली झाली होती आणि संस्था त्याला निरोप देत होती. किनवटकडच्या जंगलातल्या त्या मुलींच्या हॉस्टेलात मी भाकरी थापायचे. माझी लेक तिथंच राहून पाचवीत शिकायची. आणि आठ दिवसांपूर्वी याच माणसानं माझ्या लेकीवर हात टाकला होता.

मला माहीत होतं. सचिवांना माहीत होतं. त्याला तर होतंच. तरी मी त्याला कुंकू लावलं. ओवाळलं. फोटोवाला "ताई, इकडं बघा" म्हणाला, तर बघितलंसुद्धा.

लेकीनं सांगितलं तेव्हा माझे हात पिठात होते. तशीच उठून मी सचिवांच्या ऑफिसात गेले. त्यांनी दार लावायला सांगितलं. बस म्हणाले नाहीत. तसं ते कधीच म्हणत नसत आणि मला त्याचं काही वाटत नसे. त्या दिवशी वाटलं.

"बोंबललीस तर नाव कुणाचं खराब व्हतंय? त्याचं न्हाई. तुझ्या पोरीचं. पुढं कोण करंल तिला?" मग आवाज मऊ केला. "त्याला हितून लावून देतो म्या. कायमचा. तू फकस्त निरोपाला उभी ऱ्हा. म्हंजे पोरीवर कुणाचं बोट उठणार न्हाई."

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू? नवऱ्यालाही पटलं. "पीडा गेली तर बरंच हाय की," म्हणाला.

आमच्या गावाकडं साथ आली की मरीआईचा गाडा काढायचे. पूजा करायची, नारळ फोडायचा आणि गाडा ओढत नेऊन दुसऱ्या गावाच्या शिवेवर सोडून द्यायचा. परत फिरताना मागं बघायचं नाही. त्या गावानं पुढं काय करायचं ते त्यांचं ते बघून घेतील. आम्ही त्या माणसाला तसाच शिवेबाहेर सोडला. हळदीकुंकू वाहून.

शिवेपलीकडं उदगीर होतं.

तीन वर्षांनी एक बाई माझं घर विचारत आली. उदगीरजवळच्या खेड्यातली, किराणा दुकानवाल्याची बायको. दोन एसट्या बदलून आली होती. दारातच म्हणाली, "अक्का, ताट धरलेल्या त्या तुम्हीच न्हवं?"

अधीक्षकानं तो फोटो चौकटीत घालून उदगीरच्या हॉस्टेलात टेबलामागं लावला होता. खाली आमच्या हॉस्टेलचं नाव. "गावात शाळा चौथीपोतरच हाय. लेकीला ठिवायला गेले तवा मनात भ्या होतं," ती म्हणाली. "मग तुमचा फोटो बघितला. म्हटलं, तिथल्या आया याला ओवाळून राहिल्यात, माणूस देवासारखा असंल."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं तो हातात धरून विचारलं, "तुमाला ठाऊक होतं का?"

मी म्हणाले, "हाव."

तिनं तांब्या खाली ठेवला. पाणी प्याली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पोलिसात केस केली आहे, साक्षीला या, एवढं म्हणून ती गेली. मी गेले नाही. लेकीच्या नावाला भ्याले. ती बाई एकटीच कोर्टाच्या पायऱ्या चढली आणि सासरच्यांचे टोमणे सोसून त्याला सजा लावून आली. त्या वर्षांची मला आजही लाज वाटते, आणि ती वाटावीच.

माझी लेक अठरा वर्षांची झाली तेव्हा एक दिवस धुणं वाळत घालता घालता म्हणाली, "आई, तो सुटल्यावर कुठं जाईल गं?"

त्याच आठवड्यात मी उदगीरला गेले. तिच्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि माफी मागितली. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. अजूनही म्हणालेली नाही. पण सरकारकडं एक अर्ज आम्ही दोघींनी मिळून केला आणि मग आणखी आईबाप जोडले गेले. मागणी साधी. लेकरांवर हात टाकला म्हणून कोर्टानं ज्याला दोषी ठरवलं, त्याचं नाव आणि फोटो लोकांना बघायला मिळावा. पंचायतीत, शाळेत, कुणीही विचारलं तरी.

नांदेडला कलेक्टर कचेरीतल्या साहेबांनी अर्ज वाचला. म्हणाले, "अशी यादी सरकारकडे आहे. पोलिसांना दिसते. लोकांना देता येत नाही. सजा भोगलेल्या माणसालाही अब्रू असते, बाई."

अब्रू. मी म्हणाले, "साहेब, आमच्या घरी संडास न्हवता तवा माझं नाव पंचायतीच्या फळ्यावर लावलं. भोंग्यावर वाचलं. माझी अब्रू कुणी इचारली न्हाई."

"ते अभियान होतं," साहेब म्हणाले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

बाहेर आल्यावर सगळे साहेबांना बोल लावत होते. मी बाजूला जाऊन बसले. कारण एक गोष्ट मला तेव्हाही खात होती. फळ्यावर यादी असती, तरी त्याचं नाव तिच्यात नसतं. उदगीरच्या त्या लेकराला ती यादी वाचवू शकली नसती. किनवटमध्ये गुन्हा नोंदवलाच नव्हता. तो मीच नोंदवला नव्हता.

परवा सचिवांचा माणूस घरी येऊन गेला. "जुनं कशाला उकरून राहिली, बाई? कामावरून काढतील." लेक आतून बाहेर आली. म्हणाली, "काका, माझी तक्रार मी काल ठाण्यात लिहून दिली. आईनं न्हाई. म्या." तो माणूस चहा न घेताच उठला.

माझं काम गेलं. जाऊ दे. जूनमध्ये शाळा उघडतील. आया लेकींच्या पेट्या घेऊन हॉस्टेलांच्या दारात येतील, किनवटला, उदगीरला, सगळीकडं. मी तिथं उभी राहणार आहे. प्रत्येकीला सांगणार, बाई, आत कोण आहे ते विचार, याआधी तो कुठं होता ते विचार, तिथून का गेला ते विचार. फाटकातून हाकललं तर रस्त्यावर उभी राहीन. केस घालतील तर घालोत. तो सुटून ज्या गावात जाईल त्या गावात मी जाणार आहे आणि कोर्टानं जे लिहिलंय ते मोठ्यानं सांगणार आहे. त्याच्या नावासकट आणि माझ्याही.