माझा भाचा पुरावा मागतो

पुराव्याशिवाय श्वासही घेऊ नये असं मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि नशीब असं की तो माझा सख्खा भाचा निघाला. डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला त्याला 'पुराव्यावर आधारित उपचार' हा धडा शिकवला. तेव्हापासून तो सुट्टीत धानोऱ्याला आला की सगळं घर आरोपीसारखं बसतं. ताईने कापलेल्या बोटावर हळद दाबली की हा विचारणार, "माय, याले पुरावा काय शे?" स्वतः मात्र शोधनिबंधाचा शेवटचा परिच्छेद तेवढा वाचतो, आणि अडलं की "अजून संशोधन पाहिजे" म्हणून मोकळा. शेतातली मोटार बंद केली का, या प्रश्नालाही त्याने एकदा हेच उत्तर दिलं. मोटार रात्रभर चालली.

औषध कुठलं हे घेणाऱ्यालाही ठाऊक नको आणि देणाऱ्यालाही, ही चाचणीची रीत तर त्याला भलतीच आवडलेली. ताईचा ठेचा जास्त तिखट की शेजारणीचा, या जुन्या वादाचा निकाल लावायला त्याने खाणारा म्हणून माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला. मग वाढणाऱ्या ताईच्याही बांधला. सगळा ठेचा माझ्या सदऱ्यावर वाढला गेला, आणि हा वर विचारतो, "मामा, निष्कर्ष काय?"

गंमत संपली ती दाजींच्या साखरेपाशी. पाय बधिर होऊ लागले होते, डॉक्टरांनी इन्सुलिन घ्या म्हणून बजावलं होतं, आणि दाजी सुईचं नाव काढू देत नव्हते. भाच्याने ओसरीवर लॅपटॉप मांडून बापाला तासभर आलेख दाखवले. मीही मान डोलावली. कळलं काहीच नाही. शेवटी दाजी म्हणाले, "तुन्हा काकाले सुई चालू कयी, अन् महिनाभरमा गया तो."

"आबा, ते सॅम्पल एकच शे!" भाचा तावातावाने ओरडला.

"सॅम्पल नही रे. भाऊ व्हता मन्हा."

भाच्याने लॅपटॉप मिटला. "काकाले उशीर व्हयेल व्हता, आबा," तो हळूच म्हणाला. "आपलाकडे आजून येळ शे." त्याने एक नवी, रिकामी सुई काढली आणि स्वतःच्याच पोटाला टोचून दाखवली. "देखा, काही व्हयनं नही."

दाजींनी त्याच्या पोटाकडे वाकून पाहिलं. मग हसले. "आते बी सॅम्पल एकच शे," म्हणाले, आणि त्यांनी सदरा वर केला.

भाचा आता होस्टेलला परत गेलाय. रोज संध्याकाळी जेवणाआधी त्याचा फोन येतो, आणि दाजी तो कानाशी धरून ताईकडून सुई टोचून घेतात. फोनला उशीर झाला तर ताट तसंच ठेवून वाट बघतात. पोराचा आवाज कानावर असला की सुई दुखत नाही, असं ते ज्याला त्याला सांगतात. याला पुरावा काय, हे भाच्याने अजून विचारलेलं नाही.