एकतीस वह्या, एक अक्षर

दुसरीच्या बाईंचं अक्षर इतकं सुरेख होतं, की सगळे त्यांना मोतीबाईच म्हणायचे. एकवीस वर्षं शहरात शिकवल्यावर त्यांची बदली जंगलाच्या कडेच्या निवासी शाळेत झाली. तिथे डोंगरापलीकडच्या आदिवासी वस्त्यांवरची एकतीस मुलं त्यांच्यापुढे बसली आणि गप्प राहिली.

गप्प म्हणजे अगदी गप्प. प्रश्न विचारला तर एकही हात वर व्हायचा नाही. मान खाली घालावी, चुळबुळ करावी, तेही नाही. मुलं फक्त बघायची. बाई फळ्याकडे वळल्या की पाठीवर त्या नजरांचा भार जाणवायचा. झटकन मागे वळलं, तर कुणीच चेहऱ्याकडे बघत नसायचं; सगळे डोळे त्यांच्या हातावर. तीन महिने वह्या कोऱ्या राहिल्या. मुख्याध्यापक म्हणाले, पालथ्या घड्यावर पाणी आहे, जिवाला लावून घेऊ नका.

सहामाहीच्या आदल्या आठवड्यात, मधल्या सुट्टीनंतर, टेबलावर वह्यांचा गठ्ठा दिसला. बाईंनी पहिली वही उघडली. आदल्या दिवशी कोऱ्या असलेल्या पानांवर पहिले चार धडे उतरले होते, आणि अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. 'ळ'ला दिलेला तो जास्तीचा झोकसुद्धा. दुसरी वही तशीच. तिसरीही. एकतीसच्या एकतीस.

मुख्याध्यापकांना वाटलं, निकाल चांगला दिसावा म्हणून बाईंनीच लिहून काढलंय. मग बाईंनी त्यांना वर्गात बसवलं आणि मुलांना लिहायला सांगितलं. मुलांनी पेन्सिली उचलल्या. एकतीस डावे हात एकाच वेळी उजव्या बरगडीखाली गेले, दाबले गेले, क्षणभर थांबले. मग पहिली ओळ. दुसऱ्या ओळीआधी पुन्हा तसंच. खोलीत पेन्सिलींच्या खरखरीखेरीज आवाज नव्हता.

मुख्याध्यापकांचा संशय फिटला, पण त्यांना हसू आवरेना. बाई, पोरं तुमची नक्कल करतायत, असं म्हणून ते गेले. बाईंना ते फार लागलं. असं काही आपण कधी करतच नाही, याची त्यांना खात्री होती.

शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासणारी बाई वर्गातल्या एका मुलीची आत्या होती. मोतीबाईंनी तिच्याकडे गाऱ्हाणं नेलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"आमच्यात पोराला विचारत नाहीत, बाई. आधी बघू देतात. बघून पोट भरलं, की पोर आपणहून हात घालतं."

"मग ही थट्टा कशाला?"

"थट्टा नाही. तुम्ही तसंच लिहिता. त्यांना वाटतं, तिथे दाबल्याशिवाय अक्षर येतच नाही."

घरी बाईंनी नणंदेला विचारलं. ती म्हणाली, चहा गाळतानाही दाबता की वहिनी, मला वाटलं सवय आहे. बाई कागद घेऊन आरशासमोर बसल्या. लिहायला लागल्या, आणि आपला डावा हात आपल्याला न विचारता बरगडीकडे सरकताना त्यांनी पाहिला.

डॉक्टरांना यकृतापाशी लिंबाएवढी गाठ सापडली. दुखायला लागल्यावर आला असतात तर हातात काही उरलं नसतं, असं ते म्हणाले.

शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी बाई शाळेत आल्या आणि वर्गाबाहेरच थिजल्या. आतून त्यांचाच आवाज येत होता. तोच हेल, धड्याआधीचं तेच खाकरणं. फळ्यापाशी आत्याची भाची उभी होती, पहिलीच्या चिमुरड्यांना शिकवत. आवाज बाईंचा, शब्द मात्र मुलांच्या बोलीतले. बाईंच्या जागी बदली शिक्षक मिळालेच नव्हते, आणि पहिलीची मुलंही याच वर्गात येऊन बसत होती. बाईंना त्या बोलीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मुलीने ढगापासून नदीपर्यंत रेघ ओढली आणि पाण्याचा धडा चालू आहे हे त्यांना समजलं. चिमुरड्यांपैकी कुणीही हूं की चूं करत नव्हतं. धडा संपेपर्यंत बाई दारातच उभ्या राहिल्या.

पुढे त्यांनी मुलांना प्रश्न विचारणं सोडलं. आधी करून दाखवायचं, मग वाट बघायची. सुट्टीच्या दिवशी त्या आत्याकडे मासे धरायची टोपली विणायला शिकायच्या. कुणी काही समजावत नसे. सोळाव्या खेपेला त्यांनी वेत हातात घेतला.

निवृत्त होईपर्यंत त्यांच्या वर्गातल्या वह्या पहिले तीन महिने कोऱ्या असत. वरून लेखी खुलासा मागवला जाई. बाई आपल्या सुरेख अक्षरात एकच ओळ लिहून पाठवत: मुलं बघत आहेत.