रेवदंड्याचं बारसं आणि गळकी मोटार

रेवदंड्याला मोटारीनं जायचं ही कल्पना माझी. माझ्या बायकोची, कुसुमची, पसंती भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या लाँचला होती. तिच्या एकुलत्या एका भावाला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली होती आणि त्या दिवशी दुपारी बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, आणि सख्खी आत्या ही एकटीच. "वेळेवर पोचवाल ना?" दादर सोडताना तिनं विचारलं. मी उत्तरादाखल ऐटीत हॉर्न वाजवला.

पनवेलपर्यंत आमची जुनी विलायती मोटार शहाण्यासारखी चालली. पेणच्या अलीकडे मिठागरं लागली. मिठाच्या पांढऱ्या राशी बघायला म्हणून उतरलो, तर बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास! इंजिनाच्या डोक्यावर, व्हॉल्व्हवर, एक पत्र्याचं झाकण असतं. त्याच्या कडेनं तेल पाझरून खालच्या तापलेल्या नळीवर ठिबकत होतं. मी पाना काढून नट आवळले. पेणला पुन्हा आवळले. खाडी ओलांडून अलिबागला पोचलो, कांदाभजी खाल्ली आणि भज्यांचा सगळा जोर नटांवर काढला. "आता काय बिशाद आहे गळायची!" मी म्हणालो.

नागावात शिरलो आणि अंगावर गार सावली आली. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, कुठेतरी रहाटाची कुरकुर. अशा सुंदर जागी आमच्या मोटारीनं एवढा निळा धूर सोडला की समोरचा रस्ता दिसेना.

एका वाडीतून एक बाई हातात कोयती घेऊन धावत आल्या. "काय झाला गो बाय? गाडी पेटली का?"

"पेटली न्हाय मावशी, गळते हाय," कुसुम म्हणाली. रेवदंड्याची हद्द जवळ आली की तिची भाषा बदलते. "माझ्या भावाच्या पोरीचा बारसा हाय आज."

"मंग तू आत्या ना? आनि हितं काय करतेस?"

मी घाईघाईनं झाकण उघडलं. त्याच्याखाली बुचाची एक पट्टी (गॅस्केट) बसवलेली असते. ती मी आवळून आवळून इतकी पिचवली होती की तिचे तुकडे हातात आले. नवी मिळायची तर मुंबईतच.

कुसुमचा चेहरा पडला. "आता चुलत बहीणच नाव सांगेल. ती तिथेच राहते. पाहुणे खोळंबवून दादा तरी किती थांबणार?" तिचे डोळे भरले, आणि मला त्या मोटारीसकट समुद्रात जावंसं वाटलं.

पण ती फार वेळ रडत बसणारी बाई नव्हे. तिनं वहिनीसाठी घेतलेली साडी खोक्यातून काढून मांडीवर ठेवली आणि खोक्याच्या जाड पुठ्ठ्यावर ते तेलकट झाकण दाबलं. काठाची आकृती जशीच्या तशी उमटली. मावशींची कात्री घेऊन तिनं ती ब्लाउज बेतावा तशी कापली आणि दाभणानं नटांची भोकं पाडली. मी कडा पुसल्या, पुठ्ठा तेलात भिजवला आणि झाकण बसवून पाना उचलला.

"हळू," कुसुम म्हणाली. "समोरासमोरचे, थोडे थोडे. टेकले की पुरे!"

सीटखालच्या डब्यातलं तेल ओतू लागलो तेव्हा मावशींनी खोबरेलाची बाटली पुढे केली. "ह्या घाल ना! माझा रहाट ह्याच्यावरच चालतो." नको म्हटल्यावर त्या जरा रुसल्या, पण शहाळी पाजल्याशिवाय काही सोडलं नाही. इंजिन सुरू केलं. एक थेंब गळला नाही.

तरी रेवदंड्यात पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. दारातच चुलत बहीण भेटली. "मी दोनदा उठले नाव सांगायला," ती फणकाऱ्यानं म्हणाली. "पण दादा बाळ देईल तर ना!" आत सजवलेला पाळणा रिकामा होता आणि मेव्हणे बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकून बसले होते. बायका कंटाळून डुलक्या घेत होत्या.

"आलीस?" ते एवढंच म्हणाले आणि बाळाला तिच्या हातांत दिलं.

कुसुमचे हात धुऊनही काळेच होते. बाळाच्या गालाला डाग लागला. "असू दे, तीट लागली," वहिनी हसली. पाळण्यात घालून नाव सांगितल्याबरोबर जाग्या झालेल्या बायकांनी आत्याच्या पाठीत असे धपके घातले की उशिराचा सगळा हिशेब चुकता झाला.

दुसऱ्या दिवशी परतताना चौल लागलं. तेव्हा कुसुम म्हणाली, "लग्न होऊन गेलेल्या मुलीसाठी कोण थांबतं, असं मला वाटलं होतं हो." आणि रडायला लागली. मी मोटार कडेला घेतली. मलाही भरून आलं होतं.

दादरला शेजाऱ्यांनी विचारलं, रेवदंड्याचा किल्ला कसा आहे, समुद्र कसा आहे? मी ओशाळून सांगितलं की दोन्ही बघायचं राहून गेलं.

"मग एवढ्या लांब जाऊन पाहिलंत तरी काय?"

"माझ्यासाठी रिकामा ठेवलेला पाळणा," कुसुम म्हणाली.