आत्या विचारून जाते

आमच्याकडे घराबाहेर पडताना बायका 'येते' म्हणतात. माझी आत्या 'जाऊ का?' असं विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत उंबऱ्याच्या आत उभी राहते. मग ते बाजारात जाणं असो की रविवारी चर्चमध्ये मिस्साला. ऐन तारुण्यात ती नन झाली, कॉन्व्हेंटच्या दवाखान्यात नर्स म्हणून राबली. तिथे मोठ्या सिस्टरला विचारल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नसे. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं करायला आत्या कॉन्व्हेंट कायमचं सोडून किहीमला आमच्या घरी आली. आजी गेली, पुढे मम्मी गेली, मग पप्पांना पॅरालिसिस झाला. ननचा वेश केव्हाच उतरला होता, विचारायची सवय राहिली. आता घरात कमावणारी मीच, म्हणून ती मला विचारते. मला ते ऐकताना अवघडल्यासारखं होतं, पण तसं कधी बोलले नाही.

दिवाळीनंतर मुंबईच्या त्या कॉन्व्हेंटमधून तिला फोन आला. जिने आत्याला आजाऱ्याचं अंग पुसायला शिकवलं, ती म्हातारी सिस्टर आता स्वतःच अंथरुणावर होती आणि कुणालाही अंगाला हात लावू देत नव्हती. आत्याने काही दिवस येऊन राहावं, असं तिथल्या सिस्टर म्हणत होत्या. कॉन्व्हेंट सोडताना आत्या या सिस्टरला न भेटताच निघाली होती. तोंड दाखवायचा धीर झाला नव्हता. हे तिने मला मेथी निवडता निवडता सांगितलं आणि मग विचारलं, "जाऊ का?"

"तू बघ ना, तुला वाटेल तसं."

दुसऱ्याच्या निर्णयात पडू नये, हा मी शिकवते त्या शाळेतला सभ्यपणा. पण आत्याच्या लेखी 'हो' आलं नाही म्हणजे नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. ती गेली असती तर पप्पांचं अंग मला पुसावं लागलं असतं. त्यांच्या खोलीत मी चहा न्यायचे, पेपर वाचून दाखवायचे आणि आत्या टॉवेल घेऊन आली की बाहेर पडायचे.

तिने परत विषय काढला नाही. फक्त पप्पांना पुसायला तिला आता जास्त वेळ लागायचा. मागच्या दारी माडाखाली बसले की टॉवेल पिळल्याचा आवाज यायचा, मग बराच वेळ काहीच नाही. एका सकाळी मी आत गेले आणि म्हटलं, मला शिकव.

तिने नवल दाखवलं नाही. पाणी आधी आपल्या मनगटावर बघायचं, पुसलेला भाग लगेच झाकायचा, माणसाशी बोलत राहायचं. बोलणंच मला जमेना. पप्पांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. शेवटी तेच अडखळत म्हणाले, "ताई, तुझी ही सिस्टर... मुकी आहे का?"

आत्या हसली. मीही हसले. बादली उचलताना मी म्हणाले, "आत्या, जा."

रेवसच्या धक्क्यापर्यंत तिला सोडायला गेले. मुंबईच्या लाँचकडे वळण्याआधी ती थांबली.

"परत कधी येऊ?"

काय म्हणायला हवं ते मला कळत होतं. तोंडातून निघालं, "रविवारी."

"बरं," ती म्हणाली, आणि पिशवी सावरत उतरली.

शनिवारी मीच फोन केला. सिस्टर अंग पुसू देते, पण आपण कोण ते तिला कळत नाही, असं आत्या म्हणाली. उद्या पहिल्या लाँचने निघते, हेही सांगितलं.

"सिस्टर आहेत तोवर राहा," मी म्हणाले.

ती म्हणाली, "पाठ पुसतेस ना त्याची? लाज वाटते म्हणून सोडू नकोस. पाठीलाच जखमा होतात."

"पुसते."

फोन ठेवला तर पप्पा माझ्याकडेच बघत होते. ताई उद्या येते ना, असं त्यांनी विचारलं. माझ्या हातून पुसून घेणं त्यांना चालतंय का, हे मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं. "अजून नाही," एवढंच सांगून मी पाणी तापत ठेवायला उठले.