खदानीतला वखर

मंगरूळपीरच्या रस्त्यासाठी कंत्राटदारानं आमच्या शेतातला मुरूम आणि दगड काढून नेला, आणि रस्ता झाल्यावर खड्डा तेवढा आम्हाला मोठ्या मनानं परत केला. आमचं तेवढंच शेत होतं. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ठरवलं की खत घालून त्या खदानीची पुन्हा जमीन करायची.

उन्हाळाभर आम्ही शेणखत, राख, पालापाचोळा, गोठ्याचा उकिरडा गाडीमागून गाडी ओतत राहिलो. खदान सगळं गिळायची. शेवटी तळाचा दगड दिसेनासा झाला आणि मला बरं वाटलं. ते फार टिकलं नाही.

या खदानीत गिट्टी फोडायला असलेली एक बाई इंझोरीला जाताना काठावर थांबली.

"काय वो बाई, इथं वखर घालनार? इथले दोन-तीन बार फुटलेच नवते. मुकादम म्हने, राहू द्या."

बार म्हणजे दगडात भोक पाडून ठासलेली सुरुंगाची दारू.

"कुठं होते?" मी विचारलं.

"आता काय सांगू? तवा सारा दगड होता. तुमी शेण टाकून सारं सारखं करून ठेवलं."

मला वाचायची खोड होती, त्यामुळे भ्यायचे प्रकार गावातल्या इतर बायकांपेक्षा मला जास्त ठाऊक होते. रात्री जेवताना मी ह्यांना बाराचं सांगितलं, आणि माझा घास तोंडात फिरेना. हे मात्र जेवत होते.

"जुनी दारू हाये. मेली असन."

"अन् नसन मेली तं?"

"तं तुले आवाज येईनच."

मग खतासाठी ह्यांनी एका धनगराला खदानीत मेंढ्या बसवायला सांगितलं. बाराची गोष्ट लपवली नाही.

"वा मालक! माह्या मेंढ्या पुढं अन् तुमी मांगं?" धनगर म्हणाला. तरी खड्ड्यात वारा लागत नाही म्हणून त्यानं मेंढ्या उतरवल्या. स्वतः मात्र लांब, बाभळीखाली झोपला. सकाळी लेंड्यांचा जाड थर टाकून मेंढ्या वर आल्या.

"पाह्यलं?" हे म्हणाले. "इतक्या खुरांनी काई झालं नाई."

"खुरांले लोखंड नसते," मी म्हणाले.

त्याच सुमारास खतावर भाषण द्यायला एक साहेब गावात आले. खदानीच्या काठावर खुर्ची मांडून त्यांनी भूमातेच्या सेवेबद्दल बरंच सांगितलं. ह्यांनी त्यांना खाली येऊन माती पाहायची विनंती केली आणि बार कुठं असतील ते ठाऊक नाही, हेही सांगितलं. साहेबांना वाशीमचं तातडीचं काम आठवलं. मला त्यांचा राग आला नाही. त्या दिवशी शहाणपणाचं वागणारे तेच एकटे होते.

पेरणी तोंडावर आली तेव्हा ह्यांनी वखर जुंपला. मी बांधावर बसले. वखराची लोखंडी पास, म्हणजे खालचं पातं, दगडाला घासली की करकर आवाज यायचा आणि माझे हात आपोआप कानांवर जायचे. डोळे मिटायचं धाडस मात्र होत नव्हतं.

मध्येच बैल थांबले. हे वाकले. पासेनं मातीचं एक बूच उपटून काढलं होतं आणि खाली हाताच्या अंगठ्याएवढं भोक होतं. मी बांधावर उभी राहिले. ह्यांनी भोकात काडी घातली, बाहेर काढली आणि मला दाखवली. काडीला काजळासारखा ओला चिखल लागला होता.

"मेला! शेणाच्या पाण्यानंच मारला याले."

"एक झाला," मी म्हणाले.

ह्यांचं हसू थांबलं. काडी त्यांनी हळूच बाजूला ठेवली, फेकली नाही. अर्धी खदान अजून वखरायची होती. त्यांनी बैलांना हाक दिली. मी बांधावरून उतरले आणि त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवत मागं चालू लागले.

"तू कायले आली खाली?"

"ढेकळं फोडाले."

ढेकळं कुठंच नव्हती. पायाखाली लेंड्या चुरत होत्या.